आज आकडा काय आला?

अहो, काय सांगू तुम्हाला! दादर-परळच्या सभ्य घरांतून लोक सकाळी उठल्याउठल्या ‘आज आकडा काय आला?’ असं विचारायला लागलेत. तेही मोठ्यानं, चारचौघांत, सुनांसमोर. आमच्या लहानपणी हा प्रश्न गिरणगावात पानपट्टीच्या आडोशाला इकडेतिकडे बघून विचारला जायचा, आणि विचारणाऱ्याच्या घरी तो विषय काढायचा नसायचा. आता विचारणारे कोण, तर निवृत्त मुख्याध्यापक, महिला मंडळाच्या कार्यवाह, आणि ज्यांनी जन्मात लॉटरीचं तिकीट फाडलं नाही असे पोस्टातले काका. कट्ट्यावर बूड टेकत नाही तोच खिशातून मोबाइल निघतो. ‘एकशे बारा.’ ‘छे हो, माझ्याकडे एकशे अठ्ठावन्न दाखवतंय.’ ‘तुम्ही कुठलं बघता?’ आणि मग जे सुरू होतं ते जेवणवेळेपर्यंत थांबत नाही.

हवेचा आकडा हो! एक्यूआय! पूर्वी हवा खायला जायचे, आता हवा वाचायला बसतात.

आमच्या इमारतीत या साथीची लागण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींपासून झाली. त्या एकदा जिन्यात सहज बोलून गेल्या, ‘मी तर बाई समीरला बघितल्याशिवाय खिडकीच उघडत नाही.’ झालं! बातमी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत समीरला मिशी फुटली होती आणि तळमजल्यावर तो मोटरसायकलवरून यायला लागला होता. त्यांच्या सासूबाईंनी जपाची माळ खाली ठेवून सरळ विचारलं, तेव्हा कळलं की समीर हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अ‍ॅप आहे. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, पण थोडा हिरमोडही झाला, खोटं कशाला बोला. मग वहिनींनी पुढचं सांगितलं, की समीरच्या जोडीला त्या ‘सफर’ही बघतात आणि अमेरिकेतल्या भाच्यानं टाकून दिलेलं एक तिसरंही. एकाच वेळी तिघं!

आणि तिघांचे तीन आकडे. एकाच गल्लीत, एकाच संध्याकाळी. त्यावरून आमच्याकडे अबोले झालेत, म्हणून जरा नीट सांगते, कारण तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं. समजा, एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ आहेत, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक धूलिकण. आपल्या सरकारी मोजपट्टीवर याचा आकडा होतो १०० आणि शेरा मिळतो ‘समाधानकारक’. तीच हवा, तेच कण अमेरिकी मोजपट्टीवर नेले की आकडा दीडशेच्या पुढे जातो आणि शेरा येतो ‘अनारोग्यकारक’. जागतिक आरोग्य संघटनेला विचारायला जाऊच नका. तिनं २०२१ साली चोवीस तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची लक्ष्मणरेषा आखून दिली, तिच्या हिशेबानं आपण समाधानानं चौपट धूळ खातोय. म्हणजे तळमजल्यावरचे काका सरकारी अ‍ॅप बघून पहाटे फिरायला निघतात, वहिनी भाच्याचं अ‍ॅप बघून खिडक्या लावून घेतात, आणि जिन्यात भेटले की एकमेकांना अडाणी समजतात.

शिवाय सरकारी आकडा या क्षणाचा नसतोच मुळी. तो चोवीस तासांची सरासरी असतो. केंद्रीय मंडळाचं रोजचं पत्रक निघतं दुपारी चारच्या सुमारास, मागच्या दिवसाच्या चारपासूनचा हिशेब लावून. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहाला तुमच्या गॅलरीत समोरची इमारत दिसेनाशी झाली असेल, डोळ्यांतून पाणी वाहत असेल, तरी आकडा मात्र अजून फराळाच्या तयारीत. त्यात आणखी एक मेख. २०१५ पासून जी राष्ट्रीय मोजपट्टी वापरात आहे, तिच्यात आठ प्रदूषकं धरली आहेत, पण आकडा त्यांची बेरीज नसते. ज्याचा उपआकडा सगळ्यात जास्त, तोच जाहीर होतो. बाकीचे सात मागे निवांत उभे. आणि मोजपट्टी संपते पाचशेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत सरकारी आकडा पाचशेच्या उंबरठ्याशी थबकला होता तेव्हा खासगी अ‍ॅपं हजाराच्या वर आरडाओरडा करत होती. दिल्लीतली आमची नणंद फोनवर म्हणाली, ‘अगं, पाचशेनंतर सगळं सारखंच.’ सासरी राहून राहून माणूस किती निबर होतं बघा.

पुणेकरांना मात्र या प्रकरणात कॉलर ताठ करायला जागा आहे, आणि ते ती सोडत नाहीत. ‘सफर’ची व्यवस्था पाषाणच्या आयआयटीएमनं, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं उभी केली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्तानं सुरुवात झाली, २०१३ मध्ये पुणं, २०१५ मध्ये मुंबई. तेव्हापासून मुंबईची हवा कशी आहे हे पुणं सांगतं. माझे पुण्यातले मावसभाऊ दर हिवाळ्यात सकाळी साडेसातला फोन करून बोरिवलीचा आकडा मला ऐकवतात. मी दादरला राहते.

बरं, हे सगळं जुनं झालं. सध्या चर्चा आहे ती हवेत घुसलेल्या एआयची! नुसतं ‘हवा मोजतो’ म्हटलं तर हल्ली कुणी चहाही विचारत नाही. ‘एआयनं हवा मोजतो’ म्हटलं की सोसायटीचे सेक्रेटरी खुर्ची पुढे करतात. मला आधी वाटलं, यंत्रमानव बिंत्रमानव नाक वर करून गच्चीवर उभा राहणार. तसलं काही नाही. प्रकार घरगुतीच आहे.

हवा खरोखर मोजणारं यंत्र मोठं खानदानी असतं. ते हवा आत ओढतं, कागदाच्या फितीवर धूळ साठवतं, तिच्यातून बीटा किरण सोडतं आणि किती किरण अडले त्यावरून धुळीचं वजन काढतं. असं पूर्ण केंद्र उभारायचं म्हणजे खर्च कोटीच्या घरात. म्हणून सव्वा कोटी नाकांच्या मुंबईत अशी केंद्रं पंचवीस-तीस. मग बाजारात आल्या स्वस्तातल्या डब्या. आत चिमुकला पंखा, लेझरचा एक किरण आणि प्रकाश टिपणारा डोळा. कण किरणाला आडवे गेले की प्रकाश विखुरतो, तो मोजायचा. काम काही हजारांत. पण डबीची खोड अशी, की दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि हिला वाटतं धूळच वाढली. आणि मुंबईची हवा दमट नसते कधी?

तर करतात काय, या धाकट्या सुनेला काही आठवडे थोरल्या जाऊबाईंच्या शेजारी बसवतात. दोघींनी एकच हवा हुंगायची, एकाच वेळी. थोरली मोजूनमापून बोलते, धाकटी पदरचं घालते. एआय मध्ये बसून दोघींचं ऐकतं आणि हिशेब मांडतं: दमट दिवशी धाकटी किती फुगवून सांगते, उन्हात किती, रात्री किती. ते एकदा कळलं की धाकटीला कुठल्याही नाक्यावर बिऱ्हाड करून द्या, तिच्या बोलण्यातलं तिखटमीठ वजा करून खरी बातमी काढता येते. अधूनमधून तिला पुन्हा जाऊबाईंकडे आणावं लागतं, कारण पंख्यात धूळ बसली की तिची खोड बदलते. मुंबईत असा प्रयोग २०२०-२१ च्या हिवाळ्यात झाला, राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर मिळून. त्या कानपूरवाल्यांनी पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारच्या ग्रामीण भागांत अशा डब्या टांगल्या. म्हणजे काही खेड्यांना आपल्या हवेची बित्तंबातमी, आणि आमच्याकडे दोन केंद्रांमधल्या लोकांनी अंदाजावर श्वास घ्यायचा!

अंदाज म्हटलं म्हणून आठवलं. ती नकाशावरची रंगीत हवा बघितलीत ना? गूगलनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या नकाशात भारतातल्या दीडशेवर शहरांची हवा दाखवायला सुरुवात केली. बोट ठेवाल तिथं आकडा. माझ्या बोटाखाली आमची गल्ली आली आणि आकडाही आला. आमच्या गल्लीत त्या दिवशी मोजणारं काय होतं? एक इस्त्रीवाला आणि दोन मांजरं! मग आकडा आला कुठून? तर आसपासच्या डब्या, सरकारी केंद्रं, उपग्रह, वारा, वाहनांची गर्दी, रस्त्यांची ठेवण हे सगळं एआयच्या पुढ्यात ठेवतात आणि ते मधल्या जागा भरतं. उपग्रह वरून बघतो तेव्हा त्याला जमिनीपासून आभाळापर्यंतचा सगळा धुरळा एकदम दिसतो. त्यातला तुमच्या नाकाशी किती, हे त्याला ठाऊक नसतं, आणि पावसाळ्यात ढगांमुळे तेही दिसत नाही. तरीही हे अंदाज पुष्कळदा बरे निघतात. मी अंदाजाच्या विरुद्ध नाही, आमची आजी वास घेऊन दूध नासणार की नाही ते सांगायची. पण अंदाजाला मोजमापाचं लुगडं नेसवून, नथ घालून, ‘एकशे सत्तेचाळीस’ म्हणून मिरवायला काढलं की माझं डोकं फिरतं. एकशे सत्तेचाळीस! शेहेचाळीस का नाही, हे विचारायची सोय नाही.

याहून मोठी कमाल परदेशात चाललीय. मायक्रोसॉफ्टनं ‘अरोरा’ नावाचं मॉडेल काढलं, ते अख्ख्या पृथ्वीच्या हवेचं पाच दिवसांचं भाकीत चुटकीसरशी करतं. शास्त्रज्ञांचं कौतुकच आहे, सगळं जग घेऊन बसलेत. पण त्याच्या जाळ्याचा एक चौकोन आहे ढोबळ मानानं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. म्हणजे दादर आणि डोंबिवली एका चौकोनात! हे डोंबिवलीकरांना सांगून बघा. त्यांनी २०१४ मध्ये हिरवा पाऊस बघितलाय आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ता. त्यांच्या हवेला रंग कुठला ते सांगायला कुठल्या अ‍ॅपची गरज पडली नाही कधी, आणि त्यांचा चौकोन ते कुणाशी वाटून घेणार नाहीत.

आता घरातली अनागोंदी ऐका. वहिनींनी हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलं, वर दिवा असलेलं. हवा चांगली असली की निळा, बिघडली की लाल. सत्यनारायणाच्या पूजेला ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं, नवीन होतं म्हणून. गुरुजींनी धूप घातला, यंत्र नारिंगी झालं. उदबत्तीचा पुडा पेटला, यंत्र लाल. आरतीला कापूर लागला आणि यंत्र असं काही घरघरायला लागलं की टाळ ऐकू येईनात. गुरुजी ‘घालीन लोटांगण’ला आले तरी त्याचं संपेना. कुणीतरी वाकून आकडा वाचला आणि वाचता वाचता त्याचा आवाज चढला, ‘पाचशे ऐंशी!’ तेवढ्यात आतून भज्यांचा घाणा निघाला. सहाशे चाळीस! वहिनी प्लग काढायला धावल्या, तर सासूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, ‘असू दे. देवाला कळू दे घरात कोण रागावतं ते.’ त्या दिवसापासून त्यांच्याकडे फोडणी यंत्राचा दिवा बघून घालतात म्हणे. म्हणजे मोहरी तडतडली की सगळ्यांचं लक्ष यंत्राकडे. खोबऱ्याचं सारण भाजताना मात्र यंत्राला पोटमाळ्यावर पाठवतात.

आणि हे विनोदानं घेऊ नका हो, घरातल्या धुराचा हिशेब खराच आहे. तळण, धूप, डासांची कॉइल यांनी बंद खोलीतला आकडा बाहेरच्या रस्त्याला मागे टाकतो. पण बाहेरच्या आकड्यावर भांडणं सोपं, घरातल्या आकड्याला जबाबदार कोण हे विचारलं की स्वयंपाक कोण करणार इथपर्यंत जातं. आमच्याकडे गेलं.

बिल्डरांचं तर विचारूच नका. एकीकडे जाहिरातीत ‘शुद्ध हवेचा पट्टा’, दुसरीकडे त्याच पट्ट्यात खोदकाम. पालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमावली काढली: सत्तर मीटरहून उंच इमारत बांधायची किंवा जागा एकराहून मोठी, तर भोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान जागेला २५ फूट. पाणी मारा, हिरवं कापड बांधा, ट्रकची चाकं धुवा, बांधकामावर हवा मोजणारी डबी लावा. डिसेंबर २०२४ च्या शेवटी भायखळा आणि बोरिवली पूर्वेचा आकडा दोनशेच्या वर गेला तर पालिकेनं तिथली बांधकामंच थांबवली. तेव्हा कळलं की आकड्याला दात आहेत. आणि दात आहेत म्हटल्यावर डब्यांच्या जागा बदलायला लागल्या! आमच्या गल्लीतल्या साइटवरची डबी आधी खडीच्या ढिगाशेजारी होती. आता ती वॉचमनच्या केबिनमागे, तुळशीच्या कुंडीवर, पाण्याच्या फवाऱ्याखाली विसावलीय. हवा स्वच्छ, तुळस टवटवीत. दिल्लीत सरकारी केंद्रांभोवतीच पाण्याचे फवारे मारल्याचा आरोप विरोधकांनी केला होता, त्यावरून केवढा गदारोळ झाला. आमच्या गल्लीत कुणी आरोपही करत नाही, कारण त्याच बिल्डरकडे आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे.

शिवाजी पार्कचं तुम्हाला माहीतच आहे. मैदानात लाल माती टाकली, ती वाऱ्यानं उडते आणि आजूबाजूच्या घरांतल्या पडद्यांवर, पापडांवर, हार्मोनियमच्या पट्ट्यांवर बसते. वर्षानुवर्षं तक्रारी चालल्यात. पाणी मारून झालं, गवत लावून झालं, तज्ज्ञांचे सल्ले झाले. तिथल्या बायका टीपॉयवरून बोट फिरवतात आणि ते बोट अधिकाऱ्यांना दाखवतात. लाल असतं. याहून स्वस्त मोजणी माझ्या ऐकण्यात नाही, पण तिचा आलेख निघत नाही म्हणून बैठकीत धरत नाहीत.

आणि पाव! जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं. तोवर आमच्या कट्ट्यावर प्रत्येक जण हवेसाठी जीव द्यायला तयार होता. दुसऱ्या दिवशी अर्धा कट्टा बेकरीवाल्याच्या बाजूनं! ‘गॅसवर पाव होतो का हो? स्पंज होतो, स्पंज.’ ‘एवढ्या मोटारी सोडल्या आणि गरीब बेकरीवाला धरला, चोर सोडून संन्याशाला फाशी.’ हे बोलणाऱ्या काकांच्या घरी मोटारी दोन, आणि दुसरी फक्त पार्किंग जाऊ नये म्हणून. वाद अजून चालू आहे, मध्ये मध्ये ब्रून मस्का खाऊन.

मोठे लोक मात्र गंभीर असतात. गेल्या हिवाळ्यात मला एका परिसंवादाचं आमंत्रण आलं: हवामानबदलाला तोंड देणारं शहर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. सभागृह इतकं थंड की शाल लागली. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये निघाला, त्याच्या सहा विषयांत हवेची गुणवत्ता हा एक, तेव्हा विषय काही वाऱ्यावरचा नाही. एक वक्ते छान बोलले. त्यांनी सांगितलं की मुंबईला वाटायचं, आपल्याला समुद्र आहे, दिल्लीचं दिल्लीला. हिवाळ्यात इथे वारा उलटसुलट फिरतो, काही दिवसांनी समुद्राचा जोर आला की साचलेली घाण धुऊन निघते. पण २०२२-२३ च्या हिवाळ्यात वाऱ्यांनी दगा दिला आणि मुंबईची हवा अशी बिघडली की लोक दिल्लीशी तुलना करायला लागले. ‘सफर’ उभारणारे गुफरान बेग यांच्या अभ्यासानं त्याचा संबंध लागोपाठ तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला नीनाशी जोडला. समुद्र तिकडे पॅसिफिकमध्ये थंड झाला आणि खोकला लागला चेंबूरला!

मी हात वर करून विचारलं, की तुमचं एआय शिकतं मागच्या हिवाळ्यांवरून, आणि पुढचे हिवाळे मागच्यांसारखे वागणार नाहीत असं तुम्हीच म्हणता, मग ते शिकलेलं किती दिवस पुरणार? वक्त्यांनी प्रामाणिकपणे मान डोलावली. म्हणाले, म्हणूनच वाऱ्याचं गणित सोडून नुसत्या जुन्या आकड्यांवर विसंबू नये, दोन्हींची सांगड घालावी, आणि त्याला पुन्हा पुन्हा शिकवत राहावं. मला पटलं. पण सूत्रसंचालकांना वेळ पाळायची होती. त्यांनी मला तुळशीचं रोप देऊन बसवलं. ते तुळशीचं रोप मी सांगितलेल्या त्या साइटवर द्यायला हवं होतं.

आता मूळ प्रकरण, ज्यासाठी मी तुम्हाला थांबवलं. आमच्या सोसायटीनं डबी घेतली. एआयवाली. वार्षिक सभेत एकमतानं, जे गच्चीच्या गळतीबाबतही कधी झालं नाही. एक चुणचुणीत मुलगा आला, त्यानं ती फाटकाजवळ माणसाच्या डोक्याच्या वर टांगली, सगळ्यांच्या मोबाइलवर जोडून दिली. आठवडाभर कौतुक. मग डबीनं चहाड्या करायला सुरुवात केली.

पहिली चहाडी पहाटेची. रोज साडेतीनच्या सुमाराला आकडा चढायचा, सहाला उतरायचा. मुलगा म्हणाला, ‘इथे पहाटे काहीतरी जळतंय, एआय पॅटर्न दाखवतंय.’ सगळे गप्प. कोपऱ्यावरच्या बेकरीची भट्टी आम्हा सगळ्यांना जन्मापासून माहीत, पण नाव कोण घेणार? सकाळी सातला गरम लादी घ्यायला तिथेच उभं राहायचं असतं. दुसरी चहाडी सकाळी साडेआठची, दहा-पंधरा मिनिटांची. ती शाळेच्या बसची नव्हती. ती होती आमच्याच मुलांना सोडायला फाटकात गाडी सुरू ठेवून उभ्या राहणाऱ्या बाबांची, एसी लावून, डबा विसरला म्हणून वर गेलेल्या आयांची वाट बघत. आलेखावर रविवार सपाट! सांगा आता. आणि तिसरी म्हणजे कहर. दर बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊला शिखर. तीन आठवडे सगळ्यांनी पलीकडच्या झोपडपट्टीकडे बोट दाखवलं, तिथं कचरा जाळतात म्हणून तक्रारीचा मसुदाही झाला, इंग्रजीत. शेवटी माळ्यालाच विचारलं, तर तो म्हणाला, ‘सेक्रेटरीसाहेबांनीच सांगितलं व्हतं, पालापाचोळा मागच्या अंगाला पेटवून टाक, गाडीवाल्याला चिरीमिरी कशाला द्यायची.’

असा सन्नाटा मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी बघितला नव्हता. शहराची हवा, दिल्लीची हवा, मोटारींची, बिल्डरांची हवा यावर तासन्‌तास बोलणारी माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती. मग खजिनदारांनी मुद्दा काढला की यंत्र सदोष असावं. एका सभासदांनी विचारलं, एआयला सोसायटीच्या अंतर्गत बाबीत लक्ष घालायचा अधिकार आहे का, उपविधींत तशी तरतूद आहे का? उपविधी मागवले. नव्हती.

तर ठरलं असं, की डबी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी, समुद्राच्या अंगाला लावायची. मुलगा बिचारा सांगत होता की माणसं फाटकाशी श्वास घेतात, टाकीशी कावळे घेतात. कुणी ऐकलं नाही. गच्चीवर आकडा आला बेचाळीस! पेढे वाटायचे तेवढे राहिले. पुनर्विकासाच्या पत्रकात तो छापायचाही ठरला. आणि तेवढ्यात शेजारच्या सोसायटीनं एआयवाली डबी घेतली, आमच्यापेक्षा मोठी, आणि लावली कुठे, तर मधल्या सामाईक भिंतीवर, तोंड आमच्याकडे करून. आता आमच्या माळ्यानं काडी ओढली की त्यांच्या मोबाइलवर वाजतं. काल रात्री नऊला त्यांच्या सेक्रेटरींचा आमच्या सेक्रेटरींना फोन आला म्हणे. काय बोलणं झालं ते वहिनींना माहीत आहे, पण त्या आज उपासाच्या आहेत आणि साबुदाणा वडे तळायच्या आधी त्यांना यंत्र पोटमाळ्यावर चढवायचंय, तर पाचनंतर या.